जुनी डिझेल मोटार घेताना : एका खोडव्याचा हिशेब



या सदरात एरवी आपण बेणे, लागण, खतांचे हप्ते आणि हुमणी यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. गटात फिरताना दोन-तीन हंगाम एक गोष्ट सारखी नजरेस येते. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की महिन्या-दीड महिन्यात एखाद्या वस्तीवर जुनी डिझेल मोटार येऊन उभी राहते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढच्या हंगामाच्या नोंदीला जावे तर तीच मोटार गोठ्याशेजारी टायर बसलेल्या स्थितीत दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले, "नोझल गेलंय म्हणतात साहेब. चाळीस हजार सांगतोय. खोडव्याचं बिल आलं की बघू."

मोटार घेऊ नये असे सांगण्यासाठी हा लेख नाही. आजारी माणसाला वेळेवर दवाखान्यात नेणे, मुलीला परीक्षेला सोडणे, बाजार करणे या आजच्या गरजा आहेत. पण ज्या डोळसपणे आपण खोडवा राखायचा की मोडायचा हे ठरवतो, तो डोळसपणा मोटार घेताना राहत नाही. जुनी मोटार म्हणजे दुसऱ्याच्या लागणीचा खोडवाच. त्यात बेण्याचा नि मशागतीचा खर्च वाचतो हे खरे. पण मूळ लागण कशी जोपासली, बुडखे कसे तासले, पाचट राखले की जाळले, तुटाळ किती, यावर खोडव्याचे उत्पन्न ठरते. खोडव्यात आपण तुटाळ मोजतो आणि मोटारीचा मात्र रंग बघतो.

हे मी शहाणपणाने नव्हे, ठेच लागल्यावर सांगत आहे.

माझा अनुभव

माझी धाकटी बहीण पुण्याला धायरीत राहते. सिंहगड रस्त्याचे हे गाव २०१७ साली महापालिकेत गेले. धायरी-नऱ्हे भागात लहान कारखाने, गॅरेजे पुष्कळ आहेत आणि जुन्या गाड्यांची देवघेवही बरीच चालते. २०२२ साली दाजींच्या ओळखीतून एका मध्यस्थाने मला २०१५ सालची डिझेल मोटार दाखवली. मालक निवृत्त गृहस्थ. गाडी एकाच हाताची, मीटरवर ४१,००० किलोमीटर, रंग आरशासारखा. "साहेब, भाजी आणायला नि नातवाला शाळेत सोडायलाच फिरलीय," मध्यस्थ म्हणाला. ही गाडीची सर्वांत मोठी जमेची बाजू असे मी समजलो. प्रत्यक्षात तोच तिचा रोग होता, हे मला पुढे कळले.

मी गेलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर ते कोमट लागले. गाडी नुकतीच चालू करून ठेवलेली होती. ते जाणवले, पण त्याचा अर्थ मनात आला नाही. एक चक्कर मारली आणि ३,६०,००० रुपयांना व्यवहार केला.

तिसऱ्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला पुण्याहून घेऊन निघालो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि मध्यावर गाडीचा दमच गेला. दिवा लागला, ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना. मागून ट्रकांचे हॉर्न, आईच्या डोळ्याला पट्टी. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत घाट पार केला आणि सुरूर फाट्याजवळ गाडी बाजूला घेतली. आई एवढेच म्हणाली, "आरं, यष्टीनं आलो असतो तर एव्हाना घरी पोचलो असतो." त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दाजींच्या सांगण्यावरून गाडी क्रेनने परत धायरीला, डिझेल पंप-नोझलचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे पोचवली. त्यांनी गाडी उघडली आणि मला आतली काजळी दाखवली. इंजिनात हवा जाण्याची नळी चुलीवरच्या धुराड्यासारखी भरली होती. "साहेब, कमी फिरली म्हणजे कमी झिजली असं नसतं," ते म्हणाले. "दावणीला उभा बैल आणि औताचा बैल, चढाला दम कुणाला? डिझेलला पळू द्यावं लागतं."

डिझेल इंजिनाची रीत

आपल्याला डिझेल इंजिन नवे नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी सुरू झाली आणि विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली. मोटारींमध्ये १९९८ साली टाटांची इंडिका आली. तिच्या डिझेल गाडीमुळे लहान गाडीतही डिझेल परवडते हे लोकांना पटले.

या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणून फवारा महत्त्वाचा. ट्रॅक्टरच्या जुन्या पद्धतीच्या नोझलला साधारण २०० ते २५० बार दाब असतो. अलीकडच्या मोटारीत कॉमन रेल पद्धत असते आणि तिथे दाब १,६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. एवढ्या दाबासाठी इंजेक्टरची भोके फारच बारीक आणि आतले भाग अतिशय घट्ट बसवलेले असतात. ठिबकचा फिल्टर धुतला नाही तर ड्रीपर बुजतात, हे आपण जाणतो. इंजेक्टर हा त्याहून कितीतरी नाजूक ड्रीपर समजावा. पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा कण तिथे घात करतो.

आता माझ्या गाडीत काय झाले ते पाहू.

१) काजळी. ई.जी.आर. नावाची झडप धुराचा काही भाग परत इंजिनात सोडते, त्यामुळे हवेचे प्रदूषण कमी होते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही, काजळी जळत नाही आणि ती या झडपेत व नळ्यांत थरावर थर बसते.

२) टर्बो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. माझ्या गाडीत त्याची हलती पाती काजळीने अडकली होती. घाटात जोर लागताच हवेचा दाब बिघडला आणि इंजिनाने स्वतःला राखण्यासाठी ताकद कमी करून घेतली. गाडी बंद पडली नाही, तिने चढ सोडला, तो यामुळे.

३) डिझेल फिल्टर. मूळ मालक किलोमीटर पाहून सर्व्हिसिंग करीत. गाडी फिरत नव्हती म्हणून चार वर्षे तोच फिल्टर राहिला. त्यात पाणी साचले आणि इंजेक्टर खराब झाले. सर्व्हिसिंग किलोमीटरवर आणि वर्षावर, जे आधी येईल त्यावर करायचे असते.

पहिल्या वर्षाचा खर्च

मी सगळ्या पावत्या जपल्या आहेत. त्या पुढीलप्रमाणे :

नावबदल व बँकेचा बोजा उतरवणे – ४,५०० रुपये
विमा – ११,०००
क्रेन – ६,०००
चार इंजेक्टर दुरुस्ती – ३८,०००
टर्बो दुरुस्ती – २८,०००
ई.जी.आर. व नळ्यांची सफाई – ६,५००
क्लच – १७,०००
चार टायर – २०,०००
तेल व फिल्टर, दोन वेळा – १३,०००
एकूण – १,४४,००० रुपये

म्हणजे गाडीच्या किमतीच्या ४० टक्के. त्या वर्षी मी ९,००० किलोमीटर फिरलो आणि ४६,००० रुपयांचे डिझेल लागले. वर्षाअखेर गाडीला ३,१०,००० रुपयांचे गिऱ्हाईक येत होते, म्हणजे ५०,००० रुपये घसारा. सर्व मिळून २,४०,००० रुपये. किलोमीटरला २६ रुपये ६७ पैसे पडले. गरजेपुरती भाड्याची गाडी केली असती तर स्वस्त पडले असते.

हाच हिशेब आपल्या भाषेत करू. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये हातात पडले असे धरले, तर १,४४,००० रुपये म्हणजे ४८ टन ऊस. एका एकराची चांगली लागण, बारा-चौदा महिने पाणी देऊन वाढवलेली, एका गाडीच्या दुरुस्तीत गेली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दुसऱ्या वर्षी तीच गाडी २४,००० रुपयांत चालली आणि आजही घाट हसत चढते. चूक गाडी घेण्यात नव्हती. दुरुस्तीचा खर्च किमतीत न धरण्यात होती. घेण्याआधी दोन-अडीच हजार देऊन त्याच मिस्त्रींना गाडी दाखवली असती, तर मी ती लाखभर कमी करून मागितली असती किंवा सोडून दिली असती.

डिझेल की पेट्रोल?

"डिझेल स्वस्त पडतं" हे वाक्य जुन्या काळचे आहे. २०१२ साली दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या आसपास आणि डिझेल ४१ च्या आसपास होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि अंतर आटत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले होते.

हिशेबासाठी पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरू. आपल्या गावचा त्या दिवसाचा दर घालून सभासदांनी हाच हिशेब पुन्हा मांडावा. डिझेल गाडी लिटरला १८ किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरला ५ रुपये. पेट्रोल गाडी १४ देते असे धरले तर ७ रुपये ४३ पैसे. फरक २ रुपये ४३ पैशांचा.

दुसऱ्या बाजूला, जुन्या डिझेल गाडीसाठी पेट्रोलपेक्षा वर्षाला २५,००० रुपये जादा बाजूला ठेवावेत असे मी म्हणेन. सर्व्हिसिंगचे जादा दहा हजार आणि इंजेक्टर, टर्बो, क्लच यांच्यासाठी पंधरा हजार. आता पाहा :

वर्षाला ६,००० कि.मी. – बचत १४,५८० – तोटा १०,४२०
वर्षाला १०,००० कि.मी. – बचत २४,३०० – जवळजवळ बरोबरी
वर्षाला २०,००० कि.मी. – बचत ४८,६०० – फायदा २३,६००

तात्पर्य, ज्याचे वर्षाचे फिरणे दहा हजारांच्या आत आहे आणि तेही शेत, गाव, बाजार असे तुकड्यातुकड्याने आहे, त्याने पेट्रोल गाडीच पाहावी. ज्याला रोज साठ-सत्तर किलोमीटर हमरस्त्याने जावे लागते, त्याला चांगली जोपासलेली डिझेल गाडी अजूनही परवडते.

गाडी पाहण्याची रीत

१) सकाळी जावे. इंजिन थंड असले पाहिजे. बॉनेट कोमट लागले तर तासाभराने परत येतो म्हणावे आणि इंजिन थंड झाल्यावरच गाडी चालू करायला सांगावी.

२) धूर पाहावा. काळा धूर सतत येत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर इंजिन तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा कूलंटचे पाणी आत शिरते आहे.

३) इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण जपून सैल करावे. आतून जोराचा फुत्कार येत असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा.

४) चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढून पाहावे. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या बऱ्या चालतात. धायरीच्या गल्लीत चक्कर मारून मी फसलो. कात्रजचा चढ चढून पाहिला असता तर लबाडी तिथेच उघडी पडती.

५) मीटरवर विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरील आकडे, पेडल्सचे रबर आणि स्टिअरिंगची झीज यांचा मेळ घालावा. टायरवर चार आकडे असतात. ३२१५ म्हणजे २०१५ सालचा ३२ वा आठवडा. सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी म्हाताराच.

६) पुरातली गाडी ओळखावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या बुडाल्या. २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्याची एकतानगरी भरली, तिथेही वाहने पाण्यात होती. अशी गाडी धुऊनपुसून कुठेही विक्रीला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, हे तपासावे.

कागदपत्रे

नमुना २९ व ३० वर सह्या, मूळ आर.सी., चालू विमा, पी.यू.सी., थकीत ई-चलन नसल्याची खात्री आणि कर्ज असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५, एवढे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.च्या हद्दीत जाणार असेल तर मूळ कार्यालयात ना-हरकत दाखल्याची चौकशी आधीच करावी. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यास अर्ज द्यावा. नो-क्लेम सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, ती आपल्याला मिळत नाही.

गाडी विकणाऱ्या सभासदांनीही लक्षात घ्यावे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. "नाव नंतर करून घेतो" म्हणणाऱ्या पाहुण्याला गाडी देऊ नये.

दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते. तिकडे २०१५ साली हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध घातले. पुढे त्यांत फेरफार होत गेले. अशी गाडी आणल्यास महाराष्ट्राचा कर भरून नव्याने नोंदणी करावी लागते, तो खर्च किमतीत धरावा. शिवाय आपल्याकडेही १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना हे आठवावे.

बी.एस. ६ गाड्यांबाबत विशेष सूचना

१ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ नियम लागू झाले. त्याच सुमारास मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वतःच काजळी जाळून मोकळी होते, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने पळावी लागते. नुसत्या वस्ती-ते-चावडी फेऱ्यांत ती तुंबते.

काही गाड्यांत डी.ई.एफ. नावाचे द्रावण भरावे लागते. ते ३२.५ टक्के युरियाचे असते हे ऐकून एका सभासदाने मला विचारले, "मग आपलाच युरिया पाण्यात कालवून घातला तर?" मुळीच घालू नये. त्यातला युरिया वेगळ्या शुद्धतेचा आणि पाणी क्षारविरहित असते. आपला युरिया नीमलेपित आहे. तो उसाला द्यावा, गाडीला नाही. चार पैसे वाचवताना धुराड्यातील महागडी यंत्रणा कायमची बाद होते.

घेतल्यानंतरची जोपासना

– ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये भरून ठेवलेले डिझेल मोटारीत कधीही ओतू नये. ट्रॅक्टर ते पचवील, कॉमन रेल पचवणार नाही.
– डिझेल फिल्टरमधील पाणी ठरल्या वेळी काढावे आणि वर्षाला फिल्टर बदलावा.
– आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्याने गाडी पळवावी.
– लांबून किंवा घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर हळू चालू द्यावे, म्हणजे टर्बोला तेल मिळत राहते.
– टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नये.

शेवटी

जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याज सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त असते. तेव्हा सगळे बिल किमतीत घालून वर कर्ज काढू नये. माझा साधा नियम असा की हातात चार लाख असतील तर तीन लाखांचीच गाडी पाहावी. उरलेले लाख पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात ठेवावेत. ते उरले तर बेणे प्लॉटला नाहीतर ठिबकला कामी येतील.

खोडव्याची तुटाळ पंधरा दिवसांत सांधली तर पीक हाती लागते; नाहीतर वर्षभर पाणी पाजूनही उतारा मिळत नाही. मोटारीचेही तसेच आहे. पाहणीच्या दिवशी मोजलेली तुटाळ स्वस्त पडते. घाटात, रात्री, म्हाताऱ्या आईसमोर मोजलेली फार महाग पडते.

आपला,
ऊस विकास अधिकारी